भाकरी सोडली, पण चोथा कां सोडावा?

मधुमेह हा आतां केवळ श्रीमंतांच्या घरचा रोग राहिलेला नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें दहा कोटी दहा लक्ष मधुमेही असून, आणखी साडेतेरा कोटींहून अधिक माणसें त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभीं आहेत. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या वृत्तांतावरून असें दिसतें कीं, आपल्या आहारांतून मिळणाऱ्या एकंदर उष्णतेपैकीं सुमारें ६२ टक्के उष्णता पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून येते. तेव्हां भात, पोळी, बटाटा आणि साखर कमी करा असा सल्ला डॉक्टरांनीं दिला, तर त्यांत नवल नाहीं. हा सल्ला पुष्कळांस लागूंहि पडतो.

परंतु या उपायाबरोबर एक दुसरें दुखणें घरांत शिरतें आणि त्याविषयीं चारचौघांत बोलण्याचा संकोच असल्यामुळें तें बरेच दिवस कोणास कळत नाहीं. समजा, घरांत दहा-बारा माणसें आहेत आणि मामंजींना मधुमेह आहे. त्यांनीं मोठ्या निर्धारानें भाकरी व भात सोडला. त्याऐवजीं पनीर, दही, तूप, बदाम असे पदार्थ त्यांच्या पानांत येऊं लागले. महिन्याभरांत रक्तांतील साखर उतरली, वजनहि थोडें कमी झालें. पण सकाळ बिघडली! मलावरोध, पोटास जडपणा, त्यावर रात्रीं चूर्ण, चूर्णानें कळा, आणि अखेर ‘हा आहार आपल्याला मानवत नाहीं’ असें म्हणून पुन्हां पूर्वीचा भात. असा क्रम पुष्कळ घरांत घडतो. यांत दोष मामंजींच्या निर्धाराचा नव्हे व पिष्टत्यागाचाहि नव्हे. पिष्टाबरोबर चोथाहि पानांतून गेला आणि तो गेल्याचें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

चोथा म्हणजे काय?

धान्य, कडधान्यें, भाज्या, फळें व बिया यांतील जो भाग आपल्या जठरांत व लहान आंतड्यांत पचत नाहीं, त्याला आम्ही येथें चोथा म्हणत आहों. शास्त्रीय लिखाणांत त्यास तंतु किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. परंतु चोथा हा शब्द आपल्या घरांतला आहे आणि त्याचा अर्थ लहान मुलासहि समजतो. पचत नाहीं म्हणून तो निरुपयोगी, अशी समजूत फार काळ होती. १९५३ सालीं एबेन हिप्सली या वैद्यानें आहारांतील तंतूंना स्वतंत्र नांव दिलें. पुढें युगांडांत अनेक वर्षें काम केलेले आयरिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनीं असें दाखवून दिलें कीं, भरपूर चोथा खाणाऱ्या तेथील खेडुतांत आंतड्याचे जे रोग क्वचित् दिसतात, तेच मऊ, पांढरा पाव खाणाऱ्या युरोपियनांत सर्रास आढळतात. बर्किट यांचे सर्वच तर्क पुढें जसेच्या तसे टिकले असें नव्हे. पण त्यांनीं दाखविलेली दिशा खरी ठरली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं शेंकडों अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यांत रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणारांत हृद्रोग, मधुमेह व मोठ्या आंतड्याचा कर्करोग यांचें प्रमाण कमी असल्याचें दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास रोज निदान २५ ग्रॅम चोथा सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब दोन हजार कॅलरींच्या आहारास सुमारें ३० ग्रॅम असा आहे.

चोथ्याचे स्थूलमानानें दोन प्रकार आहेत. कोंडा, सालें, पालेभाज्यांच्या शिरा यांतील चोथा पाण्यांत विरघळत नाहीं. तो मळास आकार व वजन देतो आणि पुढें सरकवितो. मेथ्या, इसबगोल, जवस, भेंडी, उडीद यांतील बराचसा चोथा पाण्यांत फुगून बुळबुळीत होतो; तो अन्नांतील साखर हळूहळू रक्तांत जाऊं देतो आणि पित्तांतील कांहीं द्रव्यें बरोबर घेऊन जात असल्यामुळें रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत करतो. शिवाय मोठ्या आंतड्यांत राहणारे कोट्यवधि सूक्ष्म जंतु या चोथ्यावरच जगतात. ते तो आंबवून जीं अम्लें तयार करतात, त्यांपैकीं एक तर आंतड्याच्या अस्तराचें मुख्य अन्न आहे. म्हणजे जो भाग आपण खाल्ला पण पचविला नाहीं, तो आपल्या आश्रितांनीं खाऊन त्याचा मोबदला आपल्यालाच परत दिला!

शिंगणापूरच्या वाटेवर

पूर्वीचा अहमदनगर आणि आतांचा अहिल्यानगर जिल्हा, त्यांतील नेवासें तालुका, आणि त्यांतील शनिशिंगणापूर हें गांव दोन गोष्टींमुळें सर्वांस ठाऊक आहे. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली शनिदेवाची काळी शिळा ही एक, आणि दारें नसलेलीं घरें ही दुसरी. २०११ सालीं युको बँकेनें तेथें शाखा उघडली, तीहि कुलुपावांचून, म्हणून त्या वेळीं वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली होती. आमच्या विषयास उपयोगी अशी तिसरी गोष्ट मात्र यात्रेकरूंच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ती देवाच्या पूजेच्या साहित्यांत आहे आणि वाटेवरच्या रसवंतींतहि आहे.

शिंगणापुराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बैलाच्या बळावर फिरणाऱ्या लाकडी चरकाच्या रसवंत्या ठिकठिकाणीं दिसतात. मुळा धरणाच्या पाण्यानें या भागांत ऊस पुष्कळ झाला आहे. चरकांत ऊस घालावा, एका बाजूनें रस गळावा आणि दुसऱ्या बाजूनें चिपाडें पडावीं. उसाच्या शंभर भागांत सुमारें बारा ते चौदा भाग चोथा असतो. तो सर्व चिपाडांत राहतो. पेल्यांत येते ती जवळजवळ निव्वळ शर्करा व पाणी. मोठ्या पेलाभर रसांत तीस ग्रॅमच्या आसपास साखर सहज जाते. तोच ऊस दांतांनीं सोलून, चावून खाल्ला, तर चार कांडीं खातांखातां माणूस दमतो आणि तितक्या साखरेस तितका वेळहि लागतो. चोथा हा असा शर्करेचा पहारेकरी आहे. शिंगणापुरांतील घरें दारांवांचून सुखानें नांदत असतील. पण आपल्या रक्ताच्या घरास असें उघडें ठेवून चालत नाहीं. पिठूळ आणि गोड अन्न चोथ्यावांचून पोटांत गेलें कीं, साखर कोणाची परवानगी न विचारतां आंत शिरते.

आतां पूजेचें साहित्य पाहूं. तिळाचें तेल, काळे उडीद, रुईच्या पानांची माळ हें शनिदेवास वाहण्याचें नेहमींचें साहित्य. रुईचीं पानें अर्थात् देवालाच. त्या झाडाचा चीक विषारी आहे. पण तीळ आणि काळे उडीद यांकडे गृहिणीच्या दृष्टीनें पाहावें. कमी पिष्ट खाणाऱ्या माणसास जें हवें, तें या दोहोंत आहे. तिळांत चोथा पुष्कळ व पिष्ट अगदीं थोडें. काळ्या उडदांत पिष्ट आहे खरें, पण त्याच्या जोडीला शेंकडा वीस भाग चोथा आहे. आपण मात्र काय करतों? तिळाचें तेल काढून पेंड गुरांस घालतों आणि उडदाचें काळें साल काढून पांढरीशुभ्र डाळ घरीं आणतों. साल गेलें कीं चोथा शेंकडा वीसांवरून बारांवर येतो. कणीक चाळून कोंडा टाकणें, तांदूळ सडून पांढरा करणें, डाळ सोलून घेणें, रस काढून चिपाड फेकणें या सर्व एकाच सवयीच्या शाखा आहेत. जें पांढरें आणि मऊ तें प्रतिष्ठित, आणि जें काळें व खरखरीत तें गांवढळ, अशी आपली समजूत झाली, तेथेंच चोथ्याची उपेक्षा सुरू झाली.

हिशेबाची वही

पिष्ट आणि चोथा यांचा हिशेब निरनिराळा मांडल्याखेरीज हा विषय उमगत नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांतील कांहीं आंकडे पूर्णांकाच्या जवळ आणून येथें देतों. प्रत्येक पदार्थ १०० ग्रॅम, न शिजवलेला, असें धरावें.

ज्वारी: चोथा १०, पिष्ट ६८
बाजरी: चोथा ११, पिष्ट ६२
कणीक: चोथा ११, पिष्ट ६४
सडलेले तांदूळ: चोथा ३, पिष्ट ७८
अख्खे काळे उडीद: चोथा २०, पिष्ट ४४
अख्खे हरभरे: चोथा २५, पिष्ट ३९
तीळ: चोथा १७, पिष्ट ११
जवस: चोथा २६, पिष्ट ११
मेथ्या: चोथा ४७, पिष्ट ११
मेथीची भाजी: चोथा ५, पिष्ट २
गवार: चोथा ५, पिष्ट ५
पेरू: चोथा ८, पिष्ट ५

या आंकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भात सोडला तर चोथ्याचें फारसें नुकसान होत नाहीं. कारण त्यांत तो मुळांतच थोडा. पण शंभर ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या सोडल्या कीं, पिष्टाबरोबर रोजचा दहा ग्रॅम चोथाहि गेला, आणि ही तूट पनीर, दही, तूप किंवा खवा यांनीं भरून येत नाहीं. दुधाच्या कोणत्याहि पदार्थांत चोथा नसतो. म्हणून पिष्ट कमी करावयाचें तर पहिला घाव भात, साबूदाणा, मैदा, साखर व बटाटा यांवर घालावा; भाकरी सर्वांत शेवटीं आणि तीहि अर्धी-चतकोर ठेवून कमी करावी. दुसरी गोष्ट अशी कीं, आपल्या चटण्या व पालेभाज्या या नुसतें तोंडीं लावणें नसून चोथ्याचीं कोठारें आहेत.

स्वयंपाक एकच, वाढणें वेगळें

मोठ्या कुटुंबांत पथ्याचा प्रश्न आला कीं, पहिलें ओझें पडतें तें स्वयंपाक करणाऱ्या सुनेवर. मामंजींचें निराळें, सासूबाईंचा उपवास, मुलांचा डबा, दिरांची घाई. त्यांत आणखी एक भांडें चुलीवर चढलें तर तें पथ्य महिनाभरहि टिकत नाहीं. आमच्या मतें येथें निराळ्या स्वयंपाकाची आवश्यकताच नाहीं. उसळ, पालेभाजी, फळभाजी, चटणी, कोशिंबीर व ताक हीं सर्वांस एकच असावीं. फरक करावयाचा तो पोळी, भाकरी व भात यांच्या वाढण्यांत. वाढत्या मुलांस आणि अंगमेहनतीच्या माणसांस दोन-तीन भाकऱ्या, मधुमेह्यास अर्धी भाकरी व उसळ-भाजी दुप्पट. भाजीचें पातेलें मात्र दीडपट मोठें घ्यावें लागेल. घरांतील सर्वांस त्याचा लाभच आहे, कारण चोथा कांहीं मधुमेह्यांपुरताच सांगितलेला नाहीं.

आपल्या पाकशास्त्रांत या कामास योग्य असे पदार्थ विपुल आहेत. नगरकडे आणि मराठवाड्यांत जवसाची, कारळ्याची, तिळाची व शेंगदाण्याची कोरडी चटणी भाकरीबरोबर रोज असते. ती चमचाभर न वाढतां दोन चमचे वाढावी. जवस भाजून कुटलेलेच खावे. अख्खे जवस बहुधा जसेच्या तसे बाहेर पडतात. डांगर करतांना उडदाच्या सोललेल्या डाळीऐवजीं सालासकट उडीद भाजून दळावे. रंग थोडा काळसर येईल, चव मात्र खमंग. मुगाचीं धिरडीं अख्खे मूग भिजवून करावीं. मेथ्या रात्रीं भिजत घालून सकाळीं उसळींत टाकाव्या, म्हणजे कडूपणा जाणवत नाहीं. शेवग्याच्या शेंगा व पाला, गवार, घेवडा, भेंडी, वांगीं, अंबाडी, माठ, चाकवत यांपैकीं दोन भाज्या दोन्ही जेवणांत मिळून हव्यातच. श्रावणांतील शनिवारच्या कहाणींत येणारी केनीकुर्डूची भाजी आतां शहरांत विसरल्यासारखी झाली आहे; पावसाळ्यांत खेड्यांतून आलेल्या भाजीवालीकडे विचारल्यास ती अजून मिळते.

एका दिवसाचा हिशेब नमुन्यादाखल मांडूं. सकाळीं भिजलेल्या मेथ्यांचा एक चमचा, म्हणजे अडीच ग्रॅम चोथा. दुपारीं चाळीस ग्रॅम अख्ख्या उडदांची आमटी, तिचा आठ ग्रॅम. दीडशें ग्रॅम पालेभाजीचा सहा, अर्ध्या भाकरीचा अडीच, जवस व तीळ यांच्या दोन चमचे चटणीचा साडेतीन. तिसऱ्या प्रहरीं अर्धा पेरू, चार. रात्रीं दीडशें ग्रॅम गवारीचा किंवा घेवड्याचा साडेसहा. बेरीज तेहतीस ग्रॅम. याबरोबर दही, ताक, बेताचें दूध व थोडें पनीर धरलें तरी पिष्ट दिवसाचें पाऊणशें ग्रॅमच्या आसपासच राहतें. उलट, तीनशें ग्रॅम धान्याच्या नेहमींच्या जेवणांत नुसत्या धान्यांतूनच दोनशें ग्रॅम पिष्ट पोटांत जातें. या हिशेबांत परदेशी बी-बियाणें नाहीं, डब्यांतील महाग पीठ नाहीं आणि ‘तंतुयुक्त’ असें छापलेलें बिस्किटहि नाहीं. अशा बिस्किटांत पहिला घटक मैदा व दुसरा साखर असल्याचें पुष्कळदां त्याच वेष्टनावर बारीक अक्षरांत वाचावयास मिळतें.

शनिवारचा उपवास

शनिवार धरणाऱ्या घरांत उपवासाचा दिवस हा बहुधा आठवड्यांतील सर्वांत अधिक पिष्टाचा व सर्वांत कमी चोथ्याचा दिवस असतो. साबूदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचें जवळजवळ शुद्ध पिष्ट. पाऊणशें ग्रॅम साबूदाण्याच्या खिचडींत पिष्ट सुमारें पासष्ट ग्रॅम आणि चोथा एक ग्रॅमहि नाहीं. जो कांहीं येतो तो दाण्याच्या कुटाचा. ज्यांस उपवास सोडणें मान्य नाहीं त्यांनीं तो खुशाल करावा. परंतु खिचडीऐवजीं दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ओलें खोबरें, पेरू, आंवळा आणि राजगिरा यांवर भर द्यावा. राजगिऱ्यांत पिष्ट असलें तरी चोथाहि आहे. लाडू मात्र गुळाचा असतो हें विसरूं नये. उपवास रात्रीं सोडतांना काळ्या उडदाची आमटी केली, तर शनिवारचें साहित्य देवापुरतेंच न राहतां घरच्यांच्याहि कामीं येईल.

कांहीं सूचना

पिष्टत्यागाची कल्पना आजची नव्हे. लंडनमधील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थानें १८६३ सालीं, डॉक्टर विल्यम हार्वी यांच्या सल्ल्यानें पाव, साखर, बटाटे व बीर सोडून आपलें वजन कसें उतरलें याची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ती पुष्कळ खपली. तेव्हांपासून हा आहार नव्या नव्या नांवांनीं पुन्हां पुन्हां पुढें येत आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत असें दिसलें कीं, अशा आहाराचा मधुमेह्यांस पहिल्या सहा महिन्यांत स्पष्ट लाभ होतो, परंतु वर्षाच्या अखेरीस तो बराच ओसरतो. जो आहार जन्मभर घरच्या पंक्तींत बसून खातां येत नाहीं, त्याचा लाभहि फार दिवस टिकत नाहीं, असा आम्ही यावरून बोध घेतों.

जे इन्सुलिन टोंचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिष्ट एकदम कमी करूं नये. औषधाची मात्रा तीच राहिल्यास साखर धोक्याइतकी खालीं जाण्याचा संभव असतो. लघवीवाटें साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्या घेणारांस तर फार कमी पिष्टानें रक्तांत अम्ल साठण्याचें भय आहे. मूत्रपिंडाचा विकार, आंतड्याची शस्त्रक्रिया, गर्भारपण व बालपण या स्थितींत हा आहार आपल्या मनानें सुरू करूं नये.

चोथाहि एकदम वाढवूं नये. एका आठवड्यांत पांच ग्रॅम, पुढच्या आठवड्यांत आणखी पांच, अशा क्रमानें तीन आठवड्यांत वाढविला म्हणजे वायु व फुगारा यांचा त्रास कमी होतो. चोथा वाढला कीं पाणीहि वाढलें पाहिजे. कोरडा चोथा मलावरोध घालवीत नाहीं, उलट वाढवितो. इसबगोल घ्यावयाचें तर भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोन तासांचें अंतर ठेवून घ्यावें. सोनामुखीचें चूर्ण मात्र चोथा नव्हे. तें आंतड्यास चाबूक मारून पळविणारें औषध आहे आणि रोजच्या सवयीचें तर मुळींच नव्हे. बिघडलेली सकाळ महिनाभर सुधारली नाहीं, किंवा मळांत रक्त दिसलें, तर संकोच बाजूस ठेवून वैद्यास दाखवावें. वृद्ध माणसें हें स्वतः होऊन सांगत नाहींत. घरांतील जाणत्या माणसानें एकांतांत, आदरानें, पण स्पष्टपणें विचारावें.

आमच्या वाचक कुटुंबांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, घरांत कोणाची भाकरी कमी झाली म्हणजे त्याच दिवशीं उसळीची वाटी मोठी करावी, चटणीचा चमचा दुसऱ्यांदा भरावा आणि भाजी दीडपट चिरावी. पुढच्या वेळीं वाण्याकडे जातांना यादींत सोललेल्या उडीदडाळीऐवजीं अख्खे काळे उडीद आणि पावशेर जवस एवढे दोन जिन्नस लिहिले, तरी या कामास सुरुवात झाली असें समजावें.